ऑपरेशन थिएटरमधला घाण वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या पट्ट्यात वीस-पंचवीस खाटांची हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत. मेडिकल, मेयो किंवा एम्ससारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत देखभालीला वेगळी माणसं असतात. छोट्या हॉस्पिटलात मात्र ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, वास आला की तो सिस्टर इन्चार्जच्या गळ्यात पडतो, आणि उपाय निघतो तो बहुतेक वेळा फवाऱ्याचा. हे प्रश्न ओटीतल्या सिस्टर, टेक्निशियन, मावशी, नवे रेसिडेंट आणि हॉस्पिटलचे मालक-डॉक्टर यांच्याकडून येत राहतात.

ओटीत रूम फ्रेशनर मारला तर काय बिघडतं?

बरंच. वास ही खबर असते. जखमेतून कुजका वास येत असेल तर आत हवेशिवाय वाढणारे, म्हणजे अ‍ॅनएरोबिक जंतू असण्याची शक्यता मोठी. द्राक्षासारखा गोडसर वास आला तर सर्जनच्या मनात स्यूडोमोनास हा जंतू येतो. नासक्या अंड्याचा वास ड्रेनेजकडे बोट दाखवतो, आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास एखाद्या प्लगकडे. या सगळ्यावर लॅव्हेंडर ओतलं की खबर बुजते आणि कारण तसंच राहतं.

शिवाय बहुतेक स्प्रेच्या डब्यात ज्वालाग्राही वायू भरलेला असतो. ऑक्सिजन आणि कॉटरी (विजेने कापायचं-जाळायचं यंत्र) असलेल्या खोलीत त्याला जागा नाही. दम्याच्या पेशंटची श्वासनलिका अशा सुगंधाने आवळू शकते. भुलेच्या डॉक्टरांना विचारा, ते याहून कडक शब्दांत सांगतील.

मग वास आला की सुरुवात कुठून करायची?

वास नेमका कधी येतो, तिथून. सोमवारी सकाळी ओटी उघडताच येतो आणि थोड्या वेळाने कमी होतो? मोरीकडे बघा. एसी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं येतो? कॉइल आणि पाण्याचा ट्रे. केस चालू असतानाच येतो? जखम, कॉटरी किंवा भुलेचा गॅस. केस संपून अर्धा तास झाला, पुसून झालं, तरी रेंगाळतो? सक्शनची बाटली, टेबलाची गादी, कपड्यांची बादली.

दुसरं म्हणजे आत बसलेल्या माणसाच्या नाकावर विसंबू नका. नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं आणि कुरकुर बंद करतं. त्यामुळे “आता येत नाही” असं आतला टेक्निशियन सांगतो ते खरं असलं तरी कामाचं नसतं. रिसेप्शनवरून कोणालातरी बोलवा, कपडे बदलून, टोपी-मास्क घालून आत आणा आणि पहिल्या मिनिटात काय वाटतं ते विचारा. गरोदर सिस्टर असेल तर बहुधा तिनेच सगळ्यात आधी सांगितलेलं असतं. ती सांगते तेव्हा हसण्यावारी नेऊ नका.

उन्हाळ्यात सुट्टीनंतर ओटी उघडली की गटाराचा वास येतो. ड्रेनेज तर साफ आहे. मग?

नागपूरचा हा अगदी ठरलेला प्रश्न आणि उत्तर बहुतेक वेळा एक बादली पाण्याचं. स्क्रबच्या जागेत, मळक्या सामानाच्या खोलीत, चेंजिंग रूमच्या संडासात जमिनीला जाळी असते. तिच्याखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि तेच पाणी गटाराचा वायू वर येऊ देत नाही. या शहराचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेला होता. पंचेचाळीसही इथे नवं नाही. त्यात हवा कोरडी, ओटी दोन-तीन दिवस बंद, कोणी पाणी सोडलेलं नाही. ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि गटार थेट खोलीत उघडतं.

प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने परत या. वास गेला असेल तर प्लंबर बोलवायची गरज नाही. जी जाळी क्वचितच वापरात येते, तिच्यात पाण्यावर चार चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. तवंगामुळे पाणी हळू उडतं. एप्रिल ते जून दर शनिवारी संध्याकाळी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी पाणी ओतण्याचं काम मावशींच्या यादीत नावानिशी लिहा. “कोणीतरी ओतेल” असं ठेवलं की कोणीच ओतत नाही.

ओतूनही वास राहिला तर एसीची ड्रेन लाइन तपासा. ओटीच्या एसी युनिटमध्ये, म्हणजे एएचयूमध्ये, गार कॉइलखाली पाण्याचा ट्रे असतो. त्याची नळी कित्येकदा मधे ट्रॅप न घालताच गटाराच्या पाइपात खुपसलेली असते. पंखा त्या जागी हवा आत ओढत असतो, आणि नळी मोकळी असली तर पाइपातला वायूही ओढतो. मग तोच वायू छतातल्या डिफ्यूझरमधून टेबलावर उतरतो. यासाठी मात्र एसीवाला आणि प्लंबर दोघांना एकाच वेळी उभं करा. वेगवेगळे बोलावले तर दोघंही दुसऱ्याचं काम म्हणून निघून जातात.

आणि मुख्य ओटीच्या आतच, टेबलाजवळ, जमिनीला जाळी असेल तर ती कायमची बंद करून घ्या. तिथे ती नकोच.

पावसाळ्यात कुबट वास येतो तो?

ओल. बहुतेक ठिकाणी बिल वाचवायला रात्री एएचयू पूर्ण बंद करतात, ओल्या कॉइलवर आणि फॉल्स सीलिंगच्या वर बुरशी धरते आणि सकाळी पंखा सुरू झाला की तिचा वास आधी पोचतो. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या सूचनांप्रमाणे ओटी चालू नसली तरी एएचयूचा पंखा चोवीस तास फिरता ठेवायचा असतो. गारवा नसला तरी चालतो आणि वेग कमी केला तरी चालतो, पण ओटीतला हवेचा जास्तीचा दाब टिकला पाहिजे. आर्द्रता २० ते ६० टक्क्यांत हवी. जुलैत नागपुरात ती आपोआप साठच्या खाली राहणार नाही. भिंतीवर शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक लावून ठेवणारी हॉस्पिटलं आहेत. तो घड्याळाशेजारी लावा, नाहीतर कोणी बघत नाही.

हवा तासाला किती वेळा बदलली पाहिजे? आणि हवेतले बारीक कण गाळणारा हेपा फिल्टर असताना वास येतोच कसा?

एनएबीएचचे आकडे असे: तासाला किमान २० वेळा हवा बदलायची, त्यातल्या किमान ४ वेळची हवा बाहेरची ताजी. तापमान २१ अंश, तीन अंश खाली-वर. बाहेरच्या खोल्यांपेक्षा दाब किमान २.५ पास्कलने जास्त.

हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण वास म्हणजे कण नव्हे, तो वायूचे रेणू असतो आणि हेपातून सरळ पार होतो. हे न कळल्यामुळे दुर्गंधीसाठी वीस-पंचवीस हजारांचे हेपा बदलणारे मालक-डॉक्टर भेटतात. वास कमी करते ती ताजी हवा. नेमकी तिचीच झडप उन्हाळ्यात एसीवर ताण येतो म्हणून अर्धी बंद केलेली असते. आधी ती उघडी आहे का, ते बघा.

तासाला २० वेळा हवा खरोखर बदलत असेल तर हवेतलं ९९ टक्के प्रदूषण सुमारे १४ मिनिटांत निघून जातं, ९९.९ टक्के २१ मिनिटांत. म्हणजे केस संपून पाऊण तास झाला तरी वास तसाच असेल तर एक तर हवा तेवढी बदलत नाही, किंवा वासाचा उगम खोलीतच कुठेतरी पडून आहे.

आमच्याकडे स्प्लिट एसी आहे. त्यावर भागेल का?

वासाच्या बाबतीत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून परत देतो, ताजी हवा आणतच नाही, आणि त्याच्या आत जंतूंना राहायला ऐसपैस जागा असते. एनएबीएच कोणत्याही प्रकारच्या ओटीत विंडो किंवा स्प्लिट एसी वापरू नका असंच सांगतं.

आणि कूलर? कॉरिडॉरमध्ये ठेवला तर?

वाळ्याच्या ताट्यांचा वास नागपूरकराला कितीही प्रिय असला तरी ओटीच्या दाराच्या आत कूलर नको. साचलेलं पाणी आणि ओली लाकडी लोकर म्हणजे जंतू-बुरशीचं घर, आणि पंखा तेच तुषार पुढे फेकतो. नातेवाईकांच्या बाकाजवळ ठेवा. तिथे लोकांना त्याची गरज आहे.

सेप्टिक केस चालू असताना वास बाहेर कॉरिडॉरभर येतो. दाब बंद करू का?

करू नका. दाब जास्त म्हणजे हवा आतून बाहेर जाणार, तिच्याबरोबर वासही जाणार. यंत्रणा नीट चालल्याची ती खूण आहे. दाब काढला तर कॉरिडॉरची धूळ उघड्या पोटावर येईल. उपाय दुसरीकडे आहे: दार कमी उघडा, बाहेरच्या कॉरिडॉरची हवा खेचून घेणारा एक्झॉस्ट नीट चालू ठेवा, आणि सेप्टिक केस लिस्टमध्ये शेवटी लावा. वेगळी सेप्टिक ओटी असेल तर उत्तमच.

कॉटरीचा जळका वास रोजचाच आहे. त्याचं एवढं काय?

रोजचाच आहे म्हणूनच त्याचं एवढं. कॉटरीच्या धुरात साधारण ९५ टक्के वाफ असते. उरलेल्या पाच टक्क्यांत बेंझीन, टोल्यूईन, हायड्रोजन सायनाइड, फॉर्मल्डिहाइड आणि पेशींचे बारीक अवशेष असतात. मस्से काढताना निघालेल्या धुरात मस्से उठवणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए सापडलेला आहे. कण सरासरी ०.०७ मायक्रॉनचे. नेहमीचा सर्जिकल मास्क एवढे बारीक कण अडवण्यासाठी बनवलेलाच नाही. एन-९५ कण अडवतो पण वायू अडवत नाही.

धूर जिथे निघतो तिथेच ओढून घेणं हा खरा उपाय. स्मोक इव्हॅक्युएटरची नळी कॉटरीच्या टोकापासून पाच सेंटिमीटरच्या आत हवी. हातभर अंतरावर धरलेली नळी फक्त आवाज करते. त्यात उल्पा, म्हणजे हेपाहूनही बारीक गाळणारा फिल्टर असतो आणि वासासाठी वेगळा कार्बनचा थर. दोन्ही ठरल्या तासांनी बदलायचे. मशीन घेणारे पुष्कळ, फिल्टरचं बजेट ठेवणारे थोडे. मशीन नसेल तर भिंतीवरच्या सक्शनने थोडा धूर ओढता येतो, पण मधे फिल्टर बसवा, नाहीतर तो सगळा चिकटा सक्शनच्या पाइपात जमतो आणि काही महिन्यांनी तिथून वेगळाच वास सुरू होतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये शेवटी पोटातला गॅस पोर्ट (पोटात घातलेली नळी) उघडून फस्सकन सोडायची सवय आहे, तीही सोडा. सक्शनमधून किंवा फिल्टरमधून काढा.

गँगरीन, सडलेला मधुमेही पाय, तोंडाच्या कॅन्सरची फुटलेली गाठ अशा केसमध्ये वासाचं काय करायचं?

विदर्भातल्या ओटीला या केसेस नव्या नाहीत. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यामुळे तोंड उघडत नाही, गाल आतून खाल्लेला, जखम बाहेर फुटलेली असे पेशंट गडचिरोली-चंद्रपूरपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे इथे येतात. अनवाणी शेतात चालून पायाला जखम झाली, साखरेमुळे संवेदना नाही, काळा पडल्यावर नातेवाईक घेऊन आले, हेही रोजचं. मेलेल्या मांसावर अ‍ॅनएरोबिक जंतू वाढतात आणि पुट्रेसीन, कॅडाव्हेरीन, वाईट वासाची चरबी-आम्लं आणि गंधकाचे वायू तयार करतात. कोरड्या गँगरीनला फारसा वास नसतो, ओल्याला असतो. म्हणून काल कोरडा दिसणारा पाय आज वास मारू लागला तर ते फाइलमध्ये लिहायचं आणि सर्जनला फोन करायचा. आजची रात्र थांबायला नको.

निम्मं काम वॉर्डातच होऊ शकतं. जुनी, भिजलेली ड्रेसिंग ओटीत घेऊन येऊ नका. वॉर्डच्या ड्रेसिंग रूममध्ये काढा, सलाइनने भरपूर धुवा, स्वच्छ पॅड लावून पाठवा. फुटलेल्या कॅन्सरच्या जखमेवर मेट्रोनिडॅझोल जेल किंवा गोळीची पूड लावायला डॉक्टर सांगतात, त्याने एक-दोन दिवसांत वासात फरक पडतो. वरून कार्बनचं ड्रेसिंग मिळतं ते वासाचे रेणू धरून ठेवतं, मात्र ओलं झालं की निकामी. जखमेत अळ्या असतील तर टर्पेंटाइन वापरायची जुनी पद्धत आहे. तेही वॉर्डातच उरका आणि जखम नीट धुऊनच पेशंट पाठवा. टर्पेंटाइन पेट घेतं, ते अंगावर असताना कॉटरी नको.

टेबलावर मात्र वास पसरण्याचा वेळ कमी करणं एवढंच हातात असतं. कापलेलं सडकं मांस ट्रेमध्ये तासभर पडू देऊ नका. टेबलाशेजारीच पिवळी पिशवी उघडी धरून ठेवा, आत टाका, गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत घाला. भिजलेले मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) मोजून झाले की लगेच बंद. सक्शन जखमेजवळ चालू ठेवा. पू मोकळा वाहून चादरीत मुरला की तो वास संध्याकाळपर्यंत राहतो.

पोट उघडताच शेणासारखा वास आला तर आतडं फुटलेलं असणार, हे सर्जनला कोणी सांगायला नको. पण एक आठवण: अडलेल्या आतड्यात हायड्रोजन आणि मिथेन साठलेले असतात. आतडं कॉटरीने उघडायचं नाही, ब्लेडने.

मास्कला विक्स, पुदिन्याचं तेल किंवा टिंक्चर बेंझॉइन लावलं तर चालतं का?

जगभरच्या ओट्यांत लावतात, आपल्याकडेही लावतात. सर्क्युलेटिंग सिस्टरने, म्हणजे स्क्रब न करता बाहेरून सामान देणाऱ्या सिस्टरने, पुदिन्याच्या तेलाचा एक थेंब बाहेरच्या मास्कच्या कडेला, नाकाच्या बाजूला लावून दोन मास्क घातले तर माझी हरकत नाही. मात्र तो थेंब फिल्टरच्या मधोमध नको, मास्क ओला झाला की गाळणं कमी होतं. टिंक्चर बेंझॉइनमध्ये अल्कोहोल असतं, ते पूर्ण वाळल्याशिवाय टेबलाजवळ जाऊ नका. बाम डोळ्यांना झोंबला तर स्क्रब केलेल्या हातांनी चोळताही येत नाही, याचा आधी विचार करा.

भुलेच्या डॉक्टरांनी काही लावू नये असं माझं मत आहे. सेव्होफ्लुरेन या भुलेच्या गॅसची गळती त्यांना आधी कळायला हवी.

पेशंट शुद्धीत असतो तेव्हा स्टाफने कसं वागावं?

पाय कापण्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा स्पायनलमध्ये होतं. पेशंटला कंबरेखाली काही कळत नाही, पण कान शाबूत असतात. पडद्याच्या पलीकडून “बापरे, काय वास येतोय” हे वाक्य त्याला स्पष्ट ऐकू जातं. घरात त्याच्या खाटेजवळ कोणी बसत नव्हतं, नातू येत नव्हता, हे त्याला माहीत असतं. आता ओटीतही तेच. नाकावर हात नको, खोकल्याचं नाटक नको, एकमेकांना डोळे मिचकावणं नको. बोलायचंच असेल तर त्याच्याशी बोला: “काका, जखम धुतोय, थोडा वेळ लागेल, पाणी गार लागतंय का वरच्या अंगाला?”

सहन होत नसेल तर सरळ इन्चार्जला खूण करून बाहेर जा आणि दुसऱ्याला पाठवा. त्यात कमीपणा नाही.

विद्यार्थ्यांना चक्कर येते, मळमळतं. काही युक्ती?

उपाशी येऊ नका. सकाळी घाईत नुसता चहा घेऊन आलेली मुलंच आधी कोसळतात. दोन घास पोहे खाऊन या, वरची तिखट तर्री जरा बेतानं. गुडघे ताठ करून उभं राहू नका, तोंडाने श्वास घ्या, आणि डोळ्यांपुढे अंधार यायला लागला की निर्जंतुक ट्रॉलीपासून दूर होऊन भिंतीला टेकून खाली बसा.

केस संपली, फरशी पुसली, तरी वास हटत नाही. काय राहिलं असेल?

टेबलाची गादी उलटी करा. शिवणीजवळ किंवा खालच्या बाजूला ब्लेडने गेलेली बारीक चीर दिसेल. त्यातून रक्त, लघवी, सलाइन आतल्या फोममध्ये मुरतं आणि वरून कितीही पुसलं तरी आतलं तसंच राहतं. बोटांनी चिरेजवळ दाबून बघा, ओलावा वर आला तर गादीला चिकटपट्टी लावून पुढे ढकलू नका, बदला. रबरशीट जुनी, चिरलेली असेल तर तिचंही तेच.

मग सक्शनची बाटली. प्रत्येक केसनंतर रिकामी करून जंतुनाशकाने धुवायची. “अजून अर्धीच भरलीय” म्हणून पुढच्या केसला ठेवायची नाही. नळीही बदलायची. बाटली भरून वर गेली आणि पाणी भिंतीतल्या पाइपात ओढलं गेलं तर त्या पॉइंटला महिनोन्महिने वास राहतो. असं झालं की लपवू नका, लाइन साफ करून घ्या.

वापरलेली हत्यारं सलाइनमध्ये भिजत ठेवणं चूक. गंजतात आणि वासही मारतात. पाण्याने रक्त काढा, एन्झाइमच्या द्रावणात घाला, निर्जंतुकीकरणाकडे पाठवा. भिजलेले कपडे बंद पिशवीत घालून त्याच दिवशी लॉन्ड्रीला द्या.

आणि ओटीच्या चपला! वास येतोय म्हणून भिंती धुतल्या जातात आणि दाराशी मांडलेल्या रबरी चपलांच्या दोन रांगांकडे कोणी बघत नाही. रोज धुवा आणि पूर्ण वाळवा.

पिवळ्या पिशव्यांचा वास येतो. गाडी रोज येत नाही.

जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे शरीराचे अवयव आणि रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ठेवायची वेळच आली तर कारणासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं लागतं. गाडी चुकली तर फोन करा, नोंद ठेवा. मे महिन्यात अठ्ठेचाळीस तासही फार होतात. कापलेला पाय किंवा बाळंतपणातली वार यांच्यासाठी कुलपाचा वेगळा डीप फ्रीझर घेतलेला परवडतो. कचऱ्याची खोली ओटीच्या ताज्या हवेच्या जाळीजवळ नको आणि पश्चिमेचं ऊन लागणारीही नको. भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळ राहणाऱ्याला कचऱ्यावर ऊन पडल्यावर काय होतं ते सांगावं लागत नाही.

फॉर्मलिनचा वास म्हणजे ओटी निर्जंतुक झाल्याची खात्री, असं जुने लोक म्हणतात.

म्हणतात, आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणतात. फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटचं धुरीकरण एकेकाळी दर शनिवारी व्हायचं. फॉर्मल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं. सोमवारी ओटीत शिरताच डोळे चुरचुरत असतील तर ती खात्री नव्हे, ती इजा. पृष्ठभाग हाताने नीट पुसून घेणं जास्त कामाचं.

तुकडा तपासणीसाठी १० टक्के फॉर्मलिन लागतंच. तुकड्याच्या दहापट द्रावण, घट्ट झाकणाचा डबा, आणि भरायचं काम ओटीच्या बाहेर, खेळत्या हवेत. उकाड्याच्या दिवसांत पाच लिटरचा कॅन अर्धवट झाकणाने ठेवला तर सगळ्या मजल्याला कळतं.

दुसरी कोणती रसायनं वासावरून ओळखायची?

ग्लुटारअल्डिहाइड, म्हणजे हत्यारं बुडवून ठेवायचं जंतुनाशक: उग्र, नाकात जाणारा. टब झाकलेला हवा, खोलीला एक्झॉस्ट हवा.

सेव्होफ्लुरेन: गोडसर. वास आला तर व्हेपोरायझरचं झाकण, मास्कची पकड, सर्किट आणि जुना गॅस बाहेर नेणारी नळी बघा. नाकाला कळतो तोवर प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं.

इथिलीन ऑक्साइड, म्हणजे ईटीओ, निर्जंतुकीकरणाचा वायू: यात नाक मुळीच उपयोगाचं नाही. कामाच्या जागेची मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग), आणि वास कळतो तो शेकडो पीपीएमला. ईटीओच्या खोलीत गोडसर वास आला तर सगळे बाहेर, आधी बाहेर, मग चौकशी. मॉनिटर नसलेलं ईटीओ मशीन चालवू नये.

हाडांचं सिमेंट: नेलपॉलिशसारखा तीव्र. व्हॅक्यूम मिक्सरमध्ये कालवा.

सोडियम हायपोक्लोराइटने वास जाईना म्हणून त्यात टॉयलेट क्लीनर घातलं तर?

क्लोरीन वायू तयार होतो आणि माणूस हॉस्पिटलमध्येच भरती होतो. अमोनिया असलेल्या कुठल्याही गोष्टीतही मिसळू नका. हायपो उन्हात आणि उकाड्यात ताकद गमावतो, म्हणून रोज ताजा करा. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी म्हणजे एक टक्का.

वास रोज वाढतोय, पण कुठूनच सापडत नाही.

फॉल्स सीलिंग उघडा. उंदीर किंवा पाल. काढताना ओटी बंद, नंतर पूर्ण सफाई, आणि तो आत शिरला ती केबलची फट सिमेंटने बुजवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

लाइट गेली की ओटीत डिझेलचा वास येतो, आणि सकाळी चक्क फोडणीचा!

ताज्या हवेची जाळी जनरेटरच्या धुराड्याजवळ किंवा खालच्या टपरीच्या वर आहे. दाटीवाटीच्या इमारतींत हे हमखास होतं. धुराड्याचा पाइप गच्चीच्या वर चढवा किंवा जाळीची जागा बदला. टपरीवाल्याशी भांडून उपयोग नाही, तो उद्या दोन हात सरकून तिथेच तर्री उकळणार.

खंडेनवमीला ओटीत पूजा करतो. अगरबत्ती, कापूर चालेल का?

हत्यारांची पूजा स्टाफरूममध्ये करा. जुनी, वापरातून गेलेली हत्यारं पाटावर मांडा, झेंडू वाहा, नारळ फोडा. ओटीच्या आत ज्योत आणि धूर नको. ऑक्सिजनचा पॉइंट बंद दिसला तरी नको.

ओझोन मशीन आणि कार्बन फिल्टर विकायला लोक येतात. घ्यावं का?

ओझोन नको. माणसं असताना तो चालवताच येत नाही, फुफ्फुसाला त्रास देतो, आणि मशीनचे रबरी भाग कडक करून तडकवतो.

कार्बन फिल्टर खरोखर वास धरतो, फॉर्मल्डिहाइडसाठी परमँगनेट मुरवलेले दाणेही मिळतात. पण ते भरतात. भरले की वास सरळ पुढे जातो आणि दिसायला काहीच फरक दिसत नाही. शिवाय एएचयूमध्ये जाडजूड फिल्टर घातला की हवेचा प्रवाह घटतो, मग वीसच्या जागी पंधराच वेळा हवा बदलते. विक्रेत्याकडून लेखी घ्या: कार्बन किती किलो, आमच्या वापराला किती महिने पुरेल, बदलायचा खर्च किती, आणि बसवल्यावर हवेचा प्रवाह मोजून कोण देणार. चारही उत्तरं कागदावर आली तर पुढे बोला.